पाठ फिरवून उभे राहणारे

अमेरिकन बायकर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काळं लेदर जॅकेट, दंडावर टॅटू, छातीपर्यंत दाढी, सुटलेलं पोट आणि दोन गल्ल्या पलीकडून ऐकू येणारी हार्ले. यातला बराचसा भाग हॉलिवूडची कृपा. १९४७ साली कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर नावाच्या छोट्या गावात मोटरसायकलवाल्यांनी घातलेला धुडगूस पेपरात गाजला, त्यावर बेतलेला मार्लन ब्रँडोचा 'द वाइल्ड वन' १९५३ साली आला, आणि बायकर म्हणजे टपोरी हे समीकरण कायमचं पक्कं झालं. गंमत म्हणजे त्या काळातल्या बायकर मंडळींमध्ये दुसऱ्या महायुद्धावरून परत आलेले सैनिक बरेच होते. घरी आले, पण नऊ ते पाचच्या आयुष्यात काही रमेनात.

आज ज्यांच्याबद्दल लिहितोय ते बायकर दिसायला अगदी असेच आहेत. फरक इतकाच की हे लोक वीकांताला अनोळखी माणसांच्या अंत्यविधीला जातात. नाव 'पेट्रियट गार्ड रायडर्स'. सैनिक गेला की त्याच्या घरच्यांनी बोलावल्यावर मोटरसायकली काढायच्या, शवपेटीच्या गाडीबरोबर जायचं, चर्चबाहेर दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन ओळीत उभं राहायचं, आणि विधी संपला की निघून जायचं. पगार नाही, मेंबरशिपची फी नाही. सैन्यात असायलाच पाहिजे असंही नाही. आणि सगळ्यात भारी नियम म्हणजे मोटरसायकलही असायलाच पाहिजे असं नाही! मनात आदर असला की पुरे.

आता यात एवढं लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. तर ही मंडळी का जमली ती गोष्ट आधी सांगतो.

कॅन्सस राज्याची राजधानी टोपीका. तिथे 'वेस्टबरो बॅप्टिस्ट चर्च' नावाचं एक छोटंसं चर्च आहे. छोटं म्हणजे खरोखर छोटं. काही डझन माणसं, आणि त्यातली बहुतेक एकाच कुटुंबातली. या चर्चचा संस्थापक फ्रेड फेल्प्स हा पेशाने वकील. सुरुवातीच्या काळात त्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे खटले लढवले होते, यावर विश्वास बसत नाही, पण खरं आहे. पुढे १९७९ साली त्याची कॅन्ससमधली सनद रद्द झाली. १९९१ पासून या कुटुंबाने समलिंगी लोकांविरुद्ध फलक घेऊन रस्त्यावर उभं राहायला सुरुवात केली. १९९८ साली वायोमिंगमध्ये मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याचा अमानुष छळ करून खून झाला, तेव्हा हे लोक त्याच्या अंत्यविधीला फलक घेऊन पोचले होते. तो मुलगा नरकात गेला, असं सांगायला!

२००५ मध्ये त्यांनी मोर्चा वळवला इराक आणि अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या सैनिकांच्या अंत्ययात्रांकडे. तर्क असा: अमेरिका समलिंगी लोकांना खपवून घेते, म्हणून देव चिडलाय, म्हणून तो अमेरिकेचे सैनिक मारतोय, सबब सैनिक मेल्याबद्दल देवाचे आभार माना. हे मी वाढवून सांगत नाहीये. 'मेलेल्या सैनिकांबद्दल देवाचे आभार' अशा अर्थाचे रंगीत फलक घेऊन ते उभे राहायचे. आत एक आई विशीतल्या मुलाच्या पेटीसमोर बसलेली, आणि बाहेर फुटपाथवर हे.

अशा वेळी तुम्ही आम्ही काय करू? मला विचाराल तर पहिला विचार कानफटात वाजवण्याचा येईल. दुसराही तोच येईल. पण फेल्प्स कुटुंबात वकील भरपूर. फुटपाथ सार्वजनिक, उभं राहण्याची परवानगी काढलेली, ओरडणं कायद्यात बसवलेलं. कुणी हात उचलला की तो अडकलाच.

कॅन्ससमधल्याच मल्व्हेन गावात 'अमेरिकन लीजन रायडर्स' या माजी सैनिकांच्या मोटरसायकल गटाची एक शाखा आहे. त्यांनी २००५ मध्ये ठरवलं की हे बघत बसायचं नाही. त्यांनी आधी सैनिकाच्या कुटुंबाला विचारलं, पोलिसांशी बोलून घेतलं, आणि ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमातल्या चेल्सी गावी एका सार्जंटच्या अंत्यविधीला गेले. निदर्शक आणि कुटुंब यांच्या मध्ये उभे राहिले. आणि निदर्शकांकडे पाठ केली.

बस, एवढंच. उत्तर नाही, शिव्या नाहीत, प्रतिघोषणा नाहीत. उंच काठीवरचे मोठे झेंडे हातात, तोंड कुटुंबाकडे, पाठ त्या फलकांकडे. झेंड्यांची एक भिंतच तयार झाली. भिंतीपलीकडून आवाज आलाच तर दहा-वीस मोटरसायकली एकदम रेझ केल्या की तो ऐकू यायचा नाही. ज्या आवाजाबद्दल आयुष्यभर शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, तो शेवटी असा कामी आला!

बातमी पसरली आणि काही महिन्यांत देशभरातले हजारो लोक येऊन मिळाले. त्यात व्हिएतनामला जाऊन आलेले पुष्कळ होते. याचं कारण समजण्यासारखं आहे. ही पिढी युद्धावरून परतली तेव्हा देश युद्धावर चिडलेला होता, आणि तो राग विमानतळावर उतरलेल्या पोरांच्या वाट्याला आला. निदान त्यांच्या मनात आठवण तशी आहे. १९८८ पासून हेच लोक 'रोलिंग थंडर' नावाने दरवर्षी मे महिन्यात मोटरसायकली घेऊन वॉशिंग्टनला जायचे, युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांची सरकारला आठवण करून द्यायला. पहिल्या वर्षी अडीच हजाराच्या आसपास गाड्या होत्या, पुढे तो आकडा लाखांच्या घरात गेला. २०१९ साली ती राइड त्या स्वरूपात थांबली, आणि नंतर दुसऱ्या एका माजी सैनिक संघटनेने वेगळ्या नावाने चालू ठेवली. तर आपल्याला जे मिळालं नाही ते निदान या पोरांना मिळावं, या भावनेने ती मंडळी पेट्रियट गार्डमध्ये आली.

इथे एक गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते. पाठ फिरवून आडोसा करण्याची ही युक्ती बायकर्सच्या आधी आणखी कुणीतरी वापरली होती. १९९९ साली मॅथ्यू शेपर्डच्या खुन्यांवर लॅरामीत खटला चालू होता आणि फेल्प्स मंडळी तिथेही हजर होती. तेव्हा मॅथ्यूच्या एका मैत्रिणीने, रोमेन पॅटरसनने, मित्रमैत्रिणींना गोळा करून पांढऱ्या कापडाचे प्रचंड मोठे देवदूताचे पंख बनवले. ते पंख पाठीला लावून ही पोरं निदर्शकांना पाठ करून गुपचूप उभी राहिली. पंख पसरले की मागचे फलक दिसेनासे!

म्हणजे बघा, एकीकडे समलिंगी मित्राच्या खुनाने हादरलेली कॉलेजवयाची पोरं. दुसरीकडे लेदर जॅकेटमधले साठीचे माजी सैनिक. हे दोघे एका टेबलावर जेवायला बसले तर पहिल्या दहा मिनिटांत राजकारणावरून वाजेल, याची मला खात्री आहे. पण समोर तोच द्वेष आल्यावर दोघांना सुचलेलं उत्तर हुबेहूब सारखं. दुःखात असलेल्या माणसाकडे तोंड करायचं आणि बाकीच्याकडे पाठ.

मग कायदा काय करत होता? करत होता ना. २००६ मध्ये संसदेने कायदा केला की राष्ट्रीय स्मशानभूमींच्या परिसरात अंत्यविधीच्या आधी आणि नंतर एक तास निदर्शनं करायची नाहीत. २०१२ मध्ये ती वेळ दोन तास झाली आणि अंतर ३०० फूट. पण खरी परीक्षा झाली मध्ये, २०११ साली, सर्वोच्च न्यायालयात.

मार्च २००६ मध्ये इराकमध्ये गेलेल्या एका मरीनचा अंत्यविधी मेरीलँडमधल्या वेस्टमिन्स्टर गावी होता. फेल्प्स मंडळींचे सात जण तिथे फलक घेऊन उभे होते, चर्चपासून सुमारे १००० फुटांवर. वडिलांना जाताना फक्त फलकांचे वरचे टोक दिसले. त्यावर काय लिहिलंय ते त्यांनी संध्याकाळी टीव्हीच्या बातम्यांत पाहिलं. त्यांनी दावा लावला. ज्युरीने १ कोटी ९ लाख डॉलर भरपाई मंजूर केली, न्यायाधीशांनी ती ५० लाखांवर आणली, आणि वरच्या कोर्टाने सगळंच रद्द केलं. वर पुन्हा अपिलाच्या खर्चापोटी मुलाच्या बापानेच चर्चला १६,५१० डॉलर द्यावेत असा हुकूम झाला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मताने चर्चच्या बाजूने निकाल दिला. भाषण कितीही दुखावणारं असलं तरी ते सार्वजनिक प्रश्नावर आहे, सार्वजनिक जागी आहे, म्हणून त्याला संरक्षण आहे, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. विरोधात एकटे न्यायमूर्ती अलिटो.

'स्नायडर विरुद्ध फेल्प्स' या निकालाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. हा कसला न्याय? पण जसजसा विचार केला तसतसं वाटत गेलं की दुसरं काय करणार होते ते? आज 'दुखावणारं' म्हणून यांचं तोंड बंद केलं, तर उद्या 'दुखावणारं' ठरवायचा अधिकार कुणाच्या तरी हातात जाणार. आणि तो नेहमी आपल्याच आवडत्या माणसाच्या हातात राहील याची गॅरंटी नाही. आपल्याकडे कुणाच्या भावना कधी दुखावतील याचा नेम नसतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पण कोर्टाने बरोबर केलं असं मान्य केलं, तरी त्या बापाचं काय? हा प्रश्न शिल्लकच राहतो. कायदा त्याच्यासाठी काही करू शकत नाही. हिंसा तर कुणीच करू नये. मग या दोन्हींच्या मधली जी जागा आहे, तिथे कुणीतरी जाऊन उभं राहायला लागतं. स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या पेट्रोलने. पेट्रियट गार्डवाले नेमके तिथे उभे राहिले. निदर्शकांचा बोलण्याचा हक्क त्यांनी तसूभरही कमी केला नाही. फक्त ते बोलणं ज्याच्या कानावर पडायला नको होतं त्याच्या कानावर पडू दिलं नाही.

आता थोडं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. प्रोजेक्टनिमित्त काही महिने कॅन्ससमध्ये होतो. आमच्या टीममध्ये मेनफ्रेम सांभाळणारे एक गृहस्थ होते, वय साठीच्या जवळ, १९९१ च्या आखाती युद्धात जाऊन आलेले. तोंडावर पहिल्या नावाने हाक मारायचो, मनातल्या मनात काका म्हणायचो. हे काका अधूनमधून हाफ डे टाकायचे आणि कॅलेंडरवर कारण लिहायचे, 'मिशन'. मला आधी वाटलं मिशनरी वगैरे असतील! विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, एकदा येऊन बघ.

गेलो. नोव्हेंबर महिना, कॅन्ससचा तो हाडं फोडणारा वारा. कोरियन युद्धात लढलेले एक नव्वदी पार केलेले आजोबा गेले होते. पार्किंगमध्ये वीस-बावीस जण जमले होते. त्यांच्या 'राइड कॅप्टन'ने सूचना दिल्या: फोन बंद, ओळीत असताना सिगरेट नाही, गप्पा नाहीत, कुटुंबीय स्वतःहून बोलले तरच बोलायचं. एका बाईंनी माझ्यापुढेही झेंडा केला. मी हात पुढे केला नाही. परक्या देशाचा झेंडा त्यांच्या शोकात हातात धरायचा, हे मला जमेना. आपला झेंडा असता तर कुणा परक्याने तो कसा धरावा याबद्दल मी काय विचार केला असता, तेच डोक्यात आलं. काकांना बहुतेक ते कळलं असावं. त्यांनी माझ्या हातात कॉफीचा थर्मास आणि कागदी कपांची थप्पी दिली. ते काम जमलं.

निदर्शक? एकही नव्हता. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत एकही पाहिला नव्हता. नातेवाईकही मोजून सात-आठ. पाऊण तास ती माणसं वाऱ्यात फडफडणारे झेंडे दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. मग लष्कराचे दोन जवान आले, त्यांनी पेटीवरचा झेंडा घड्या घालत घालत त्रिकोणी केला आणि एका म्हाताऱ्या बाईंच्या मांडीवर ठेवला. एकाने बिगुल ओठाला लावला आणि ती प्रसिद्ध 'टॅप्स'ची धून वाजली. नंतर काकांनी सांगितलं की तो जवान वाजवत नव्हताच! बिगुलात एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवलेलं असतं, बटण दाबायचं आणि बिगुल नुसता धरायचा. कायद्याने प्रत्येक माजी सैनिकाला दोन गणवेशधारी, झेंडा आणि टॅप्स एवढा मान मिळायला हवा, पण तेवढे बिगुल वाजवणारे आहेत कुठे? इंजिनिअर म्हणून मला कौतुक वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. सरकार आपल्या माणसाचं देणं फेडतंय, पण किमान हप्त्यात, असं काहीतरी वाटलं. आणि बाजूला ती वीस माणसं, ज्यांचं त्या आजोबांना काही देणं नव्हतं, गोठलेल्या बोटांनी खरंखुरं उभं राहत होती.

आपल्याकडे म्हणतात की लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मयताला बोलावण्याची वाट पाहू नये. पेट्रियट गार्डचा नियम याच्या बरोबर उलटा. कुटुंबाने बोलावलं नाही तर ते जात नाहीत. मला सुरुवातीला हे फार कोरडं वाटलं होतं. पण वेस्टबरोवाले काय वेगळं करत होते? न बोलावता दुसऱ्याच्या शोकात घुसून तो आपल्या मुद्द्यासाठी वापरत होते. आपण चांगल्या मुद्द्यासाठी घुसलो तरी घुसणं ते घुसणंच. तेव्हा हा नियमच त्या सगळ्या प्रकाराचा कणा आहे असं आता वाटतं.

एक शंका मात्र मनात येते, ती लपवत नाही. सैनिकांचा एवढा सन्मान करता करता युद्धाचाच सन्मान होतो का? इराक युद्ध ज्या कारणासाठी झालं ती महासंहारक अस्त्रं सापडलीच नाहीत. सुमारे ४,५०० अमेरिकन सैनिक गेले आणि इराकी किती गेले ते आकडे तर विचारूच नका. झेंड्यांच्या भिंतीने हे प्रश्नही झाकले जातात का? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, ते युद्ध व्हायला नको होतं असं माझंही मत आहे, पण ते मी मतदानाला जाताना घेऊन जातो, अंत्यविधीला नाही. माझं यावर पूर्ण समाधान झालं असं नाही. पण माणूस प्रामाणिक आहे, आणि कुठे काय बोलायचं हे त्याने नीट ठरवलंय, एवढं पटलं.

फ्रेड फेल्प्स मार्च २०१४ मध्ये वारला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्याचे लोक कॅन्सस सिटीत एका गायिकेच्या कार्यक्रमाबाहेर फलक घेऊन उभे होते. रस्त्यापलीकडे काही लोकांनी त्यांच्यासाठी एक मोठा फलक धरला. त्यावर लिहिलं होतं, तुमच्या दुःखात सहभागी आहोत. शेकडो अंत्यविधींची वाट लावणाऱ्यांना त्यांच्या घरातल्या मृत्यूनंतर हे उत्तर! मला तर वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

चर्च अजून आहे, पण त्यांना आता फारसं कुणी विचारत नाही. ज्या कारणासाठी पेट्रियट गार्ड जन्मली ते कारण बरंचसं संपलं, तरी रायडर्स थांबलेले नाहीत. महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम पाहिलेली पिढी आता संपत चालली आहे, आणि यातल्या कित्येकांच्या मागे कुणीच नसतं. फ्यूनरल होममध्ये अस्थी वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात, घ्यायला कुणी येत नाही. 'मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट' नावाची संस्था अशा बेवारस अस्थींमधून माजी सैनिक शोधून काढते आणि त्यांना लष्करी इतमामात मूठमाती देते. त्या वेळी बरोबर जायला बहुतेकदा मोटरसायकलवालेच असतात. तिथे आडोसा कुणापासून करायचा? समोर कुणी ओरडत नसतं. रिकाम्या खुर्च्या असतात. त्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून जायचं.

आपण सगळे दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे लोक. कुणीतरी काहीतरी विखारी लिहितं, आणि आपण तावातावाने उत्तर टाइप करायला घेतो. मीही घेतो. हल्ली मात्र एंटर दाबण्याआधी एक प्रश्न विचारून बघतो: हे ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस आत्ता कुठे आहे, आणि त्याच्या शेजारी कुणी आहे का? बऱ्याचदा उत्तर टाइप करण्यापेक्षा त्याला फोन करणं जास्त महत्त्वाचं निघतं.

असो. फारच लांबलं. आता उरलेला रविवार कपडे धुण्यात घालवतो.